सिकलसेलच्या गावांना मानवशास्त्र विभाग कशाला हवा?

कुक्षी : मानवशास्त्र म्हणजे कवट्या मोजणं, असं आम्हा कॉमर्सवाल्यांना वाटायचं. ते अगदीच खोटं नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनला कवट्यांवरच पीएच.डी. केली. पण १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्यांनी नातेसंबंध, पश्चिम खानदेशातले भील आणि कोयनेचे धरणग्रस्तही अभ्यासले. निसरपूर पाण्यात गेलेलं पाहिलेल्या आपल्या भागाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

शरीर आणि समाज असे दोन्ही विषय शिकवणं हीच आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागाची ताकद आहे. डॉ. रा. के. मुटाटकरांसारख्यांनी तिथे आरोग्याचा विषय पुढे नेला.

आपल्याकडच्या भील-भिलालांना याचा उपयोग काय? सिकलसेल घ्या. आई-वडील दोघंही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्त लॅबवाला तपासेल. पण सोयरीक जुळवताना रिपोर्ट दाखवायचा का, आणि दाखवला तर दोष मुलीलाच लावणार का? हे घरात बसून, भिलीत बोलूनच कळतं. ते काम मानवशास्त्राचं.

सागरच्या विद्यापीठातही श्यामाचरण दुबे यांच्यापासून हा विषय आहे. मध्य प्रदेशातल्या मुलांना ते सोयीचं. माझी तक्रार एकच. अभ्यासक येतात, माहिती नेतात आणि अहवाल इंग्रजीत राहतो. तो भिलीत परत यावा, निदान ग्रामसभेत वाचून तरी दाखवावा.