संवाद लिहिण्यापूर्वी

कामगार संघटनेत उभी हयात घालवलेल्या माणसाने कथेतील संवादावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. पण शाळा लवकर सुटलेल्या आम्हांस संवादाचे शिक्षण मिळाले ते वाटाघाटींच्या टेबलापाशीच. तेथे एका वावग्या शब्दावर शंभर घरांच्या चुली अवलंबून असतात. म्हणून आदल्या रात्री आम्ही कागदावर मांडून ठेवतो की, आपल्याला काय हवे, समोरच्याला काय हवे, आणि दोघेही कोणती गोष्ट तोंडाने बोलणार नाहीत. 'गिऱ्हाईक तुटत चालले आहे' असे मालक म्हणत नाही. 'संप आणखी आठ दिवस निभणार नाही' असे आम्ही म्हणत नाही. सारी बैठक या दोन न बोललेल्या वाक्यांभोवती फिरते, आणि वरवर बोलणे चालते ते कँटीनच्या चहाचे नि पाळीच्या वेळांचे.

कथेतील प्रसंगाची तऱ्हा हीच आहे. नवा लेखक हा कागद न मांडताच पहिले वाक्य लिहितो. मग पात्रे एकमेकांना आधीच ठाऊक असलेली हकीकत सांगत बसतात, आणि त्यांत कामगार असला तर तो हटकून भाषण ठोकतो. (भाषणे ठोकायला आम्ही आहोतच, कथेतल्या कामगाराला तरी सुटी द्यावी!)

समजा, कारखान्यातून निलंबित झालेला माणूस घरी आहे. बायकोला त्याने सांगितलेले नाही. तिला शेजारणीकडून कळले आहे, पण त्याला मान खाली घालावी लागू नये म्हणून ती गप्प आहे. त्याला हवे आहे नेहमीसारखे घराबाहेर पडणे. तिला हवे आहे, त्याने आपण होऊन सांगावे. एवढे ठरले की मग लिहावे:

"डबा भरू ना?"

"भर की."

"पोळ्या किती?"

"नेहमीच्याच."

"पास संपलाय ना तुमचा? काढू नका इतक्यात."

शेवटच्या वाक्यापाशी प्रसंग वळला. तिला माहीत आहे, हे त्याला कळले. निलंबन हा शब्द कोणी उच्चारला नाही, कोणी रडले नाही. आता तो डबा उचलतो की खाली ठेवतो, हे लेखकाने आधीच ठरवलेले असावे. कारण प्रसंगाच्या आरंभी जी माणसे होती तीच तशीच शेवटी उरली, तर तो प्रसंग लिहिण्याचे कारणच राहत नाही.

दुसरी बाब प्रतिपक्षाची. जॉन गॉल्सवर्दी या इंग्रज लेखकाचे 'स्ट्राइफ' हे संपावरचे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. आरंभीच संचालकांची बैठक आहे. हिवाळ्याचे दिवस, संपकऱ्यांच्या घरी उपासमार. आणि इकडे एका संचालकाला शेकोटीची धग सोसत नाही, म्हणून तो आडोसा मागतो! कोण कोठे बसला आहे याची आखणी लेखकाने किती आधी केली असेल, पाहा. पुढे कंपनीचा अध्यक्ष अँथनी आणि कामगारांचा पुढारी रॉबर्ट्स समोरासमोर येतात, तेव्हा लेखक दोघांनाही तोलामोलाचे बोलू देतो. अखेर दोघांचीही माणसे त्यांना सोडून जातात, आणि तडजोड होते ती संपाआधी सुचवलेल्याच अटींवर. अँथनीच्या तोंडी पोकळ वाक्ये असती, तर हा शेवट आपल्याला लागला नसता.

आम्ही काही मालकांचे वकील नव्हे. तरीही आमच्याकडे गोष्टी घेऊन येणाऱ्या तरुण कामगारांना आम्ही हेच सांगतो की, मुकादमाचे बोलणे आधी लिहा, आणि ते असे लिहा की क्षणभर तुम्हांलाच उत्तर सुचू नये. मग मोठ्याने वाचा. पहिली दोनतीन वाक्ये बहुधा 'या, बसा' छापाची निघतात. ती खुशाल खोडावीत.