किसान क्रेडिट कार्ड : पत आणि गैरसमज
वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) तालुक्यात कपाशी, सोयाबीन व संत्रा ही पिके घेतली जातात. बियाणे-खतांचा खर्च जूनमध्ये होतो. पैसा हाती येतो तो दिवाळीच्या आगेमागे. ही तूट भरून निघावी म्हणून १९९८ साली किसान क्रेडिट कार्ड योजना सुरू झाली.

कार्डावरील पतमर्यादा म्हणजे अनुदान नव्हे, ते कर्जच होय. मात्र संपूर्ण मर्यादेवर व्याज लागते, हा समजही चुकीचा आहे. १ लाखाच्या मर्यादेतून ४० हजार उचलल्यास व्याज तेवढ्यावरच, तेही वापरलेल्या दिवसांपुरते. सावकाराकडे अशी सोय नसते.

३ लाखांपर्यंतच्या पीककर्जास व्याजदर ७ टक्के असून, मुदतीत फेड केल्यास ३ टक्के सवलत मिळते. मुदत टळली की सवलत जाते. अनेकांना हे थकबाकीची नोटीस आल्यावरच कळते.