छापील ठिगळ : त्याची निगा व मजबुती

स्मरणिकेत मोठमोठ्या विषयांवरील लेख असतात. त्यांच्या पंक्तीला ठिगळाचा विषय मांडताना आम्हांला थोडा संकोच वाटतो. परंतु आम्ही शिक्षक. मुलांचे कपडे रोज आमच्या नजरेखालून जातात. नीट लावलेले ठिगळ अंगावर असले तर मूल निर्धास्त बसते, आणि उसवलेले असले तर ते फळ्यापाशी यायला लाजते, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी येथे भोपाळातच आमच्या वर्गातील एक मुलगी उजवा हात दप्तराखाली झाकून बसू लागली. जवळ बोलावून विचारले, तेव्हा कळले की कुर्त्याच्या कोपराला तिच्या नानीच्या जुन्या ओढणीचे ठिगळ होते. लाल-काळ्या बाघ छपाईचे. त्यातील लाल वेल शाबूत होती; मात्र काळी फुले होती तेथे नेमकी फुलांच्याच आकाराची भोके पडली होती. नानी हयात नव्हती, म्हणून ठिगळ बदलायला मुलगी तयार नव्हती.

काळे तेवढेच का गळावे? याचे उत्तर छपाईच्या कृतीत आहे. बाघ हे धार जिल्ह्यातील गाव. सिंधमधून आलेल्या खत्री कुटुंबांनी ही कला तेथे नावारूपास आणली. कापड प्रथम हरड्याच्या पाण्यातून काढतात. मग लाकडी ठशांनी लाल जागी तुरटीचा आणि काळ्या जागी लोखंडाच्या क्षाराचा लेप उमटवतात. पुढे नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन, अलिझरीन व धावड्याची फुले घातलेल्या पाण्यात ते उकळतात. तुरटीच्या जागी लाल रंग खुलतो, लोखंडाच्या जागी काळा. यांपैकी तुरटी सुताला फारशी बाधत नाही. लोखंड मात्र हवा व ओल यांच्या साहाय्याने सुताला वर्षानुवर्षे ठिसूळ करीत राहते. जुन्या दस्तऐवजांतील लोहयुक्त शाईने कागद अक्षराच्या आकारात कुरतडलेला दिसतो, तोच हा प्रकार. तात्पर्य, दोष मुलीच्या हयगयीचा नव्हता. अशा ठिगळाला बळ द्यायचे ते मागून, आणि फाटण्यापूर्वी.

त्याची रीत अशी. ठिगळाचा तुकडा व अस्तराचे कापड दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे, म्हणजे आटायचे ते आधीच आटेल. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का पाहावे. सुटत असल्यास फडके कोरे निघेपर्यंत धुवावे. अस्तरासाठी वापरून मऊ झालेली मलमल घ्यावी. नवे ताठ कापड जुन्याला ओढून फाडते. अस्तर ठिगळाहून चोहीकडे दोन बोटे मोठे असावे, आणि ठिगळाचा उभा धागा कपड्याच्या उभ्या धाग्याशी जुळवावा. कडा अर्धे बोट आत दुमडून, कोपरे किंचित गोल करून, बारीक तुरपाई करावी. नंतर गोधडीला घालतो तसा धावदोरा ठिगळ, कपडा व अस्तर यांतून घालावा. काळ्या जागी ओळी अधिक जवळ घ्याव्यात. दोरा सुतीच हवा. नायलॉनचा दोरा स्वतः तुटत नाही, कापडाला कापतो.

शाळेच्या किंवा संस्थेच्या छापील बिल्ल्यांची गोष्ट निराळी. बहुतेकांवर जाळीच्या चौकटीतून छापलेला रंग धाग्यात मुरत नाही. चिकट द्रव्याच्या आधाराने तो पृष्ठभागावरच राहतो. छापल्यावर पुरेशी उष्णता मिळाली नसेल, तर पहिल्याच काही धुण्यांत तो निघून जातो. म्हणून नवा बिल्ला सुकल्यावर उलट बाजूने गरम इस्त्रीने चांगला शेकावा. पुढेही कपडा उलटा करूनच धुवावा व इस्त्री करावी. ब्रश आणि धुण्याचा सोडा दूर ठेवावा.

घरगुती सल्ल्यांपैकी एकाविषयी येथे सावध केले पाहिजे. रंग पक्का व्हावा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावण्याची चाल आहे. बाघ छपाईला ते मारक ठरते; आंबट पदार्थ लोखंडाचा काळा रंग विरघळवतो आणि अलिझरीनचा लालही बिघडवतो. रंग उडवण्याची पूडही कटाक्षाने टाळावी. साधा सौम्य साबण, थंड पाणी आणि सावलीतील दोरी एवढे पुरते. खळ अगदी पातळ द्यावी. दाट खळीने कापड घडीवर मोडते आणि कसरही लागते.

त्या मुलीच्या ठिगळाची फुले तर आधीच गळली होती. आमच्या थोरल्या आपांनी त्यावर तोड काढली. त्यांनी रंग न सुटणारी काळी मलमल शोधून अस्तराला लावली आणि प्रत्येक भोकाची कड बारीक टाक्यांनी बांधली. भोकांतून खालचे काळे कापड दिसू लागले व फुले पूर्ववत झाली. दुसऱ्या दिवशी मुलगी फळ्यावर गणित सोडवायला आपण होऊन उठली, आणि खडू तिने उजव्याच हातात धरला.

आपल्या ट्रस्टमार्फत दरवर्षी कपडे वाटले जातात, आणि थोरल्याचा कपडा धाकट्याच्या अंगावर जातो. कपडे देताना सोबत हातभर जुनी मलमल व सुती दोऱ्याचे एक रीळ द्यावे, आणि शिवणवर्गात ही तुरपाई शिकवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. खर्च थोडा आहे, आणि कपडा आणखी एका मुलाच्या कामी येईल.