खाऱ्या वाऱ्यातला गंज : समीकरण कसे जुळते?

हरिहरेश्वरला समुद्राजवळच्या घरांच्या खिडक्यांचे गज आणि बिजागऱ्या बघा. रंग उडाला की तांबूस पापुद्रे सुटायला लागतात. दहावीच्या ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ या प्रकरणाला याहून जवळचे उदाहरण शोधायला नको.

या गंजाचे समीकरण लिहू; त्यातले पाणी तूर्त बाजूला ठेवू.

लोखंड + ऑक्सिजन → फेरिक ऑक्साइड

हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूत २ अणू असतात. फेरिक ऑक्साइडच्या सूत्रात मात्र लोखंडाचे २ आणि ऑक्सिजनचे ३. इथेच अनेक मुले ऑक्सिजनच्या पायाशी असलेल्या २ चा ३ करून मोकळी होतात. पण मग तो ऑक्सिजन राहतच नाही, ओझोन होतो! सूत्राला हात लावायचा नाही. बदलायचा तो त्याच्या आधीचा आकडा, म्हणजे सहगुणक. २ आणि ३ यांचा लसावि ६. म्हणून ऑक्सिजनचे रेणू ३ घ्यायचे आणि ऑक्साइडच्या आधी २ लिहायचे. त्यामुळे उजवीकडे लोखंडाचे अणू ४ झाले, तेव्हा डावीकडेही ४ हवेत.

४ लोखंड + ३ ऑक्सिजन → २ फेरिक ऑक्साइड

ताळा वस्तुमानाने करावा. लोखंडाचे अणुवस्तुमान ५६ आणि ऑक्सिजनचे १६ धरले, तर डावीकडे २२४ + ९६ = ३२० आणि उजवीकडे २ × १६० = ३२०.

खऱ्या गंजात पाण्याचे रेणूही अडकलेले असतात, पण त्यांचे प्रमाण ठरलेले नसते. समुद्री वाऱ्यातले मीठ मात्र या समीकरणात कुठेच दिसत नाही. ते लोखंडावरच्या ओलाव्यात विरघळते, त्यातून वीज सहज वाहू लागते आणि गंजण्याचा वेग वाढतो.