अंग दुखते, तेव्हा आत दुरुस्ती चालते

आषाढात भातलावणी सुरू झाली की साजगाव व आसपासच्या वाड्यांतून एकच मागणी येते, "डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, उद्या परत शेतावर जायचंय." चिखलात दिवसभर वाकून काम केले की मांड्या व कंबर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतात. असे का होते?

सवय नसलेल्या कष्टाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. काही तासांतच रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात आणि 'सायटोकाइन' नावाची प्रथिने सोडतात. पेशींनी एकमेकींना धाडलेले हे निरोपच होत. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ यांचा पहिला निरोप असतो: मोडतोड साफ करा. सूज व ठणका यातूनच येतो. पण याच हाकेने स्नायुतंतूंच्या कडेला निजलेल्या 'सॅटेलाइट' पेशी जाग्या होऊन वाढू लागतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत त्या प्रथम दाखवल्या. दोन-तीन दिवसांनी इंटरल्यूकिन-१० सारखे दुसरे निरोप येतात. सूज ओसरते, नव्या पेशी जुन्या तंतूंना जोडल्या जातात आणि स्नायू पूर्ववत होतो.

म्हणजे थोडा दाह हा दुरुस्तीचाच भाग आहे. तो वेळेवर थांबला नाही, तर मात्र घात होतो. क्षयरोगात किंवा जुनाट संधिवातात टीएनएफ महिनोन्‌महिने वाढलेले राहते, भूक मरते आणि स्नायू झिजतात. 'क्षय' हे नावच ते सांगते. येथे मूळ रोगावर पूर्ण उपचार हवेत, नुसते टॉनिक कामाचे नाही.

दुखणे चुटकीसरशी घालवणाऱ्या बेनामी पुड्या व गोळ्यांपासून सावध राहा. त्यांत कित्येकदा स्टिरॉइड असते. ते हे निरोप दाबते म्हणून बरे वाटते, पण दीर्घकाळ घेतल्यास मांड्या-खांद्यांचे स्नायूच बारीक होतात आणि उकिडवे बसल्यावर उठवत नाही. मात्र डॉक्टरांनी दिलेले, किंवा बरेच दिवस चालू असलेले स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नये. तेही धोक्याचे आहे.

साध्या अंगदुखीला दोन-तीन दिवस हलके काम, थोडे चालणे व पुरेशी झोप बहुधा पुरते. अंथरूण धरू नये; हालचालीवाचून स्नायू लवकर खंगतात. नव्या तंतूंना प्रथिने लागतात. कार्तिकात साजगावच्या यात्रेतून घरोघर येणारे सुके बोंबील हा त्यांचा उत्तम साठा आहे. फक्त मीठ निघण्यासाठी ते नीट भिजवून धुवावेत, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी बेतानेच खावेत. शाकाहारी मंडळींनी वाल, डाळी व दूध घ्यावे.

अतिश्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र घरी थांबू नका. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून मूत्रपिंडावर ताण येत असल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.