परसातल्या कोंबड्यांना उरलंसुरलं घालताना

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते. त्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम लागतं. शिळी भाकरी, भात, भाजीची देठं यांनी पोट भरतं, पण ही गरज भागत नाही. म्हणून खरकटं हे जोडखाद्यच. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीच्या तयार लेअर खाद्याला तो पर्याय नव्हे.

एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. खाद्यातून ते मिळालं नाही, तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. कवच पातळ होतं, पुढे तिला उभंही राहवत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, तिला हवा तेवढा ती टिपते. अंड्यांची टरफलं भाजून, बारीक कुटून दिली तरी चालतात.

बुरशी आलेली भाकरी किंवा शेंगदाणे मात्र कधीच नकोत. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत नासवतं, अंडीही घटतात. लोणचं, पापड, हिरवट बटाट्याच्या साली बाजूला काढा. मीठ जास्त झालं की विष्ठा पाण्यासारखी होते.

ब्रिटनमध्ये रोगप्रसाराच्या धोक्यामुळे स्वयंपाकघरातलं उरलेलं अन्न कोंबड्यांना घालणं बेकायदा आहे, अगदी हौसेने पाळलेल्या दोन-चार कोंबड्यांनासुद्धा.