एका मेगाबाइटचा पडदा
जुनी वर्कस्टेशनं, नवं आयुष्य : लेखांक ७

मागच्या आठवड्यात सन कंपनीच्या स्पार्कस्टेशन ५ वर नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया बसला आणि पडद्यावर लॉगिनची ओळ आली. आज त्याच पडद्यावर खिडक्या उघडायच्या आहेत. आज्ञा मोजक्याच आहेत. अडतं ते समजुतीत, म्हणून आज जरा सावकाश जाऊ.

आधी हिशेब करू. आपल्या यंत्रातल्या जीएक्स या ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी एक मेगाबाइट, म्हणजे १०,४८,५७६ बाइट. सनचा त्या काळचा नेहमीचा पडदा ११५२ बाय ९०० ठिपक्यांचा. गुणाकार केला की १०,३६,८०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट दिला तर उरतात फक्त ११,७७६ बाइट. भांडं काठोकाठ भरलं! एका बाइटात २५६ रंग मावतात. तेव्हा या कार्डाकडून २४ बिटांचे रंग मागायचे नाहीत. त्याला तिप्पट जागा लागते आणि ती इथे नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये रंगांची खोली ८ ठेवायची. दोन प्रोग्रॅमनी आपापले वेगळे २५६ रंग मागितले, तर माउस एका खिडकीतून दुसरीत जाताच पहिलीचे रंग विचित्र होतात. कार्ड बिघडलं असं समजून ते उपसून काढू नका. रंगांचा तक्ता एकच आहे आणि तो ज्या खिडकीत माउस असेल तिच्या हाती जातो, एवढंच.

आता खिडक्यांबद्दल. स्टॅनफर्ड विद्यापीठात 'व्ही' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि तिच्यासाठी 'डब्ल्यू' नावाची खिडक्यांची व्यवस्था लिहिली गेली होती. १९८४ मध्ये एमआयटीत बॉब शाइफलर यांनी तिच्यावरून नवी व्यवस्था रचली. डब्ल्यूनंतरचं अक्षर म्हणून तिचं नाव 'एक्स'. तिची अकरावी आवृत्ती १९८७ ची, आणि आजही आपण तीच बसवतो आहोत. सनचा उगमही स्टॅनफर्डचाच. कंपनीच्या नावातली तीन अक्षरं 'स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क'ची. १९८२ मध्ये ती उभी करणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनने न्यूज ही स्वतःची व्यवस्थाही काढली होती, पण शेवटी सगळ्यांबरोबर सनलाही एक्सच स्वीकारावी लागली.

एक्समध्ये सर्व्हर तुमच्या टेबलावर असतो. पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्या ताब्यात, तो सर्व्हर. घड्याळ, टर्मिनल, संपादक हे सगळे त्याचे ग्राहक, आणि 'इथे रेघ ओढ, तिथे अक्षर काढ' अशी मागणी ते त्याच्याकडे करतात. खिडकीला चौकट देणारा, ती हलवणारा विंडो मॅनेजरसुद्धा एक ग्राहकच. नवखे इथेच गोंधळतात, कारण सर्व्हर म्हटलं की दूरच्या खोलीतलं मोठं यंत्र डोळ्यांपुढे येतं.

बसवणं सोपं आहे. नेटबीएसडीच्या सीडीवर एक्सचे पाच संच असतात : एक्सबेस, एक्सकॉम्प, एक्सईटीसी, एक्सफाँट आणि एक्ससर्व्हर. रूट म्हणून मूळ डिरेक्टरीत जाऊन ते टारने उलगडायचे. परवानग्या जशाच्या तशा ठेवणारं 'पी' अक्षर आज्ञेत विसरू नका. डिस्क लहान असेल तर एक्सकॉम्प सोडून द्या. तो प्रोग्रॅम कंपाइल करणाऱ्यांसाठी आहे. एक्सफाँट मात्र सोडू नका. जुने सर्व्हर 'फिक्स्ड' नावाचा फाँट सापडला नाही की तसं सांगून तिथल्या तिथे बंद पडतात.

मग होम डिरेक्टरीत '.एक्सइनिटआरसी' फाइल लिहा. तिच्यात घड्याळ आणि टर्मिनल यांच्या ओळींच्या शेवटी अँपरसँडचं चिन्ह द्यायचं, आणि शेवटची ओळ, म्हणजे विंडो मॅनेजर, त्या चिन्हाविना ठेवायची. ही शेवटची ओळ चालू आहे तोवर एक्स चालू. सगळ्याच ओळींना चिन्ह दिलं तर पडदा क्षणभर उजळतो आणि पुन्हा लॉगिनच्या ओळीवर येतो. या एका चुकीपायी लोक सर्व्हर पुन्हा पुन्हा बसवत बसतात.

'स्टार्टएक्स' म्हटलं की सुरुवात. विंडो मॅनेजर टीडब्ल्यूएम घ्या. तो १९८७ चा आहे आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचा भार जाणवत नाही. नवी खिडकी मागितली की तो नुसती तिची चौकट माउसबरोबर फिरवतो. तुम्ही क्लिक कराल तिथे ती बसते. यंत्र अडकलेलं नाही, ते तुमची वाट पाहतं आहे. मोकळ्या जागेवर डावं बटण दाबून धरलं की मेनू येतो.

माझ्या मते या यंत्राचं खरं मोल इथून पुढे आहे. ग्राहक आणि सर्व्हर वेगळे असल्यामुळे प्रोग्रॅम त्याच यंत्रावर चालला पाहिजे असं बंधन नाही. स्पार्कस्टेशनवरून घरातल्या नव्या लिनक्स यंत्रात 'एसएसएच'ने 'एक्स' पर्याय देऊन शिरा आणि तिथे ईमॅक्स चालू करा. आकडेमोड तिकडे होते, खिडकी इकडे उघडते. जोडणी व्हायला वेळ लागतो, कारण गुप्तलेखनाचं गणित ११० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला जड जातं; थोडा धीर धरा. आजचा ब्राउझर मात्र मागू नका, २५६ रंगांच्या पडद्यावर तो सुखाने चालणार नाही. मजकूर लिहिणं, प्रोग्रॅम लिहिणं, आलेख पाहणं यासाठी हा पडदा आजही पुरेसा आहे, आणि चालू स्थितीतलं असं यंत्र भंगारात घालणं मला पटत नाही.

पुढच्या लेखांकात कीबोर्डची मांडणी आणि फाँट पाहू. तोवर एक विनंती. जुन्या सन यंत्राबरोबर बारीक रेघांची जाळी असलेली चकचकीत पाटी आली असेल तर ती जपून ठेवा. त्या काळच्या सनच्या ऑप्टिकल माउसला त्या रेघा लागतात. साध्या टेबलावर बाण जागचा हलत नाही.